वाड्यात दुकान काढा, पण खांब कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या शहर पुरवणीत पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कपड्यांचं नवीन शोरूम सुरू झाल्याची बातमी होती, मोठा रंगीत फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की जुन्या वाड्याला नवं रूप मिळालं. तो फोटो बघून मी पेपर हातात घेऊनच तिकडे गेले, कारण तो वाडा मला लहानपणापासून माहितीये, आमचे आप्पा सुतार होते आणि त्याच वाड्याच्या रस्त्याकडच्या एका खणात, म्हणजे खांबांमधल्या एका गाळ्यात, त्यांचं दुकान होतं, भाड्याचं, सव्वीस वर्षं. मी स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा करून पुढे जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामं करत आलेय. म्हणून हे पत्र जरा लांबेल, पण छापलंत तर बरं होईल.

आधी एक सांगते, वाड्यात दुकान काढलं म्हणून माझी काहीच तक्रार नाही. उलट पेठांमधल्या बाजाराच्या रस्त्यांवर वाड्याच्या पुढच्या बाजूला दुकानं असणं हे पेशवाईपासून चालत आलंय, खाली रस्त्याला लागून दुकान, वर राहणं, मध्ये चौक, मागे माजघर न स्वयंपाकघर. रविवार पेठेत नाहीतर बुधवारात जुनी घरं बघा, तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग मुळात दुकानासाठीच बांधलेला असायचा. म्हणजे वाडा आणि दुकान यांचं भांडण नाहीच आहे. भांडण आहे ते दुकान कसं बसवलं याचं.

ज्यांनी वाडा आतून कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. वाड्याचं बांधकाम हे भिंतींवर उभं नसतं, लाकडावर उभं असतं. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर, याला कडीपाट म्हणतात. मधल्या भिंती विटांच्या असतात पण त्या भरण म्हणून, खरं वजन खांब घेतात. आणि चार खांबांमधली जी जागा तिला म्हणायचं खण. वाड्याचं मोजमाप फुटात नाही तर खणात करायचे, हे दोन खणी घर, हा पाच खणी वाडा, सोपा म्हणजे पुढची ओसरी तीन खणांची, असं. एक खण साधारण पाच ते आठ फुटांचा, कारण त्याहून लांब कडी टाकली की ती मध्ये वाकते. लाकूड जेवढं पेलतं तेवढाच खण. बाकी सगळं, म्हणजे दारं, कोनाडे, महिरपी, सज्जाचे कठडे, सगळं त्या मापात बसवलेलं.

आता दुकान. आप्पांचं दुकान एका खणाचं होतं, दोन खांबांच्या मध्ये. त्याला शटर नव्हतं, फळ्या होत्या. आजच्या मुलांना हे माहीत नसेल, उंबऱ्याच्या लाकडात एक खाच आणि वरच्या तुळईत एक खाच, त्या दोन खाचांमध्ये एकेक फळी उभी सरकवत न्यायची, आमच्याकडे अकरा फळ्या होत्या आणि प्रत्येकीवर आप्पांनी पटाशीने आकडा कोरला होता, १ पासून ११ पर्यंत, कारण प्रत्येक फळी तिच्या जागेवरच नीट बसायची, चौथीच्या जागी सहावी घातली तर अडायची. सगळ्या बसल्या की लोखंडी पट्टी आडवी टाकून कुलूप. सकाळी फळ्या काढायचं काम माझ्याकडे असायचं, शाळेत जायच्या आधी. दुकान उघडलं की फळ्या आत भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि समोर दोन खांब मोकळे दिसायचे, तळखड्यापासून वरच्या कोरीव कमळापर्यंत. दुकान बंद असताना पण खांब दिसायचेच कारण फळ्या खांबांच्या आतल्या बाजूला होत्या. दुकानाने खांबाला धक्का लावला नव्हता, एक खिळा सुद्धा नाही. उद्या दुकान काढून तिथे परत ओसरी करायची म्हटलं असतं तर फळ्या उचलल्या की झालं.

हे मी इतकं सांगतेय कारण त्या नव्या शोरूममध्ये गेल्यावर पहिलं काय दिसलं तर आमचा खण नाहीये. आमचाही नाही आणि शेजारचे दोनही नाहीत. तीन खणांचे मिळून एक मोठं तोंड केलंय, अंदाजे वीस फुटांचं, त्यात एकच काच आणि वर एकच रोलिंग शटरचा डबा. मधले दोन खांब कापून टाकलेत आणि वरच्या तुळईखाली लोखंडी गर्डर घातलाय. एका खांबाचा तळखडा बाहेर फुटपाथवर पडलाय, त्याला कुणीतरी पाटीचा स्टँड साखळीने बांधलाय. मी ओळखला कारण त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, आप्पांच्या हातून घण निसटला होता त्याचा तो टवका. दीडशे वर्षं तरी तो दगड एका जागी बसून वरचे दोन मजले पेलत होता.

कुणी म्हणेल गर्डर घातलाय ना मग काय बिघडलं, लोखंड लाकडापेक्षा मजबूतच की. हाच तर गैरसमज आहे आणि याच्यासाठीच मी लिहायला बसले. दोन खांब काढले की त्यांच्यावर येणारं सगळं वजन गर्डरच्या दोन टोकांना जातं, आणि ती टोकं कशावर टेकवलीत, तर मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर, जी भिंत मुळात वजन घ्यायला बांधलीच नव्हती. मी वर गेले, वरच्या मजल्यावर एक आजी अजून भाडेकरू म्हणून राहतात, त्यांनी सांगितलं की दिवाळीपासून खिडकी लागत नाहीये आणि आतल्या खोलीचं दार उंबऱ्याला घासतंय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय, माझी करंगळी नाही पण नख जाईल एवढी. खाली लोक साड्या बघत होते. त्यांच्या डोक्यावर काय चाललंय हे त्यांना कळायचा काही मार्गच नाही कारण खाली सगळं पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे.

फॉल्स सीलिंगचं पण सांगायलाच पाहिजे. कडीपाट हा उघडा ठेवायचा असतो. कडीचं जे टोक भिंतीत जातं ते सगळ्यात आधी कुजतं कारण भिंतीतली ओल तिथे येते, त्याला हवा लागली पाहिजे आणि माणसाच्या नजरेला ते दिसलं पाहिजे. आमच्याकडे दर वर्षी पावसाळ्यानंतर आप्पा हातोडीच्या दांड्याने सगळ्या कड्या ठोकून बघायचे, आवाज टणक आला तर ठीक, भद्द आला तर ती कडी बदलायची. सीलिंग मारलं की ना हवा, ना नजर, ना ठोकणं. वर त्याच पोकळीतून एसीचे पाइप न वायरी नेलेल्या, आणि एसीचं बाहेरचं युनिट सज्जाच्या लाकडाला बोल्ट मारून लटकवलेलं, त्याचं पाणी टिपटिप सज्जाच्या तोड्यावर, म्हणजे त्याला खालून पेलणाऱ्या लाकडावर, पडतंय दिवसभर. मी दहा मिनिटं उभी राहून बघितलं, तोडा काळा पडलाय आणि खालच्या बाजूला बोट लावलं तर भुसा हाताला आला.

आणि वायरिंग. पुण्याला आगीचं सांगायची गरज पडू नये खरं तर. शनिवारवाड्यात आज आपल्याला तट, दरवाजे आणि नुसती जोती का दिसतात, कारण वरचं सगळं लाकडी होतं आणि ते १८२८ च्या आगीत गेलं. बुधवार वाडा १८७९ ला जळाला, त्याच वेळी विश्रामबाग वाड्यालाही आग लागली आणि त्याचाही काही भाग गेला. लाकडी घरात शोरूमचा लोड टाकायचा, पन्नास पन्नास दिवे, एसी, आणि ते सगळं सीलिंगच्या वर बंद करून ठेवायचं, हे धाडस मला तरी कळत नाही.

मग चौक. या वाड्याचा पहिला चौक लहानसाच होता पण तिथून घराला उजेड न वारा मिळायचा, तापलेली हवा चौकातून वर निघून जायची आणि ओसरीत मे महिन्यात दुपारी सुद्धा चटईवर झोप लागायची. चौकाची फरशी ओसरीपेक्षा दीड फूट खाली आणि एका कोपऱ्याकडे उतार, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पडलं की थेट मोरीतून बाहेर. आता त्या चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकलाय आणि फरशी भरून वर आणून व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्यात, तिथे ट्रायल रूम आहेत. पत्र्याचं पाणी कुठे जातं विचारलं तर तिथल्या मुलाने खांदे उडवले. पाणी कुठेतरी जातंच. ते जोत्यात जातंय, आणि भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यामुळे आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. चुन्याचा गिलावा असतो तो श्वास घेतो असं आप्पा म्हणायचे, म्हणजे भिंतीतली ओल चुन्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंट ती अडवून धरतं, मग आतली वीट क्षाराने पोखरते आणि चार पाच वर्षांत गिलावा पापडासारखा सुटून येतो, त्याच्यामागे विटेचं नुसतं पीठ. हे मी किती घरात बघितलंय त्याची गणती नाही. आणि मग इंजिनिअर येऊन लिहून देतो की वाडा धोकादायक आहे, पाडा.

मालकांना दोष देणं सोपं आहे, मी ते करणार नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, पुढे २००० सालापासून नवा कायदा लागू झाला तरी जुन्या भाडेकरूंची भाडी फारशी वाढली नाहीत, काही वाड्यांत अजून महिन्याचं भाडं एका चहाच्या पैशात आहे. कौलं फेरायला सुद्धा ते पुरत नाही. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले, मातीत बांधलेल्या विटा पाण्यात विरघळल्या, आणि जे उभे राहिले त्यांच्या जोत्यात तेव्हापासून ओल आहे. अशा मालकाला रस्त्याकडची जागा दुकानाला देणं हा एकच उत्पन्नाचा मार्ग उरतो. त्याने तो घ्यावाच. वाड्याला पैसे मिळाले तर वाडा टिकेल. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या पैशासाठी दुकान काढलं त्या दुकानाने घराचे पाय कापू नयेत.

आणि हे होऊ शकतं, मी डोळ्याने बघितलेलं सांगते. याच पेठेत दोन गल्ल्या सोडून चपलांचं एक दुकान आहे, ते पण वाड्यातलं, मी तिथे सहा महिने काम बघितलं. नाव लिहीत नाही कारण मग जाहिरात वाटेल. मालकाला पण सुरुवातीला सगळे खण एक करून हवे होते, मोठं तोंड, मोठी काच. आम्ही त्याला जमिनीवर खडूने आखून दाखवलं की गिऱ्हाईक कसं आत येतं न कुठे वळतं, आणि मग त्याच्याच लक्षात आलं की खांब अडचण नाहीयेत, खांबांमुळे आपोआप चार छोटे विभाग होतात, बायकांचं एकीकडे, लहान मुलांचं एकीकडे. काच खांबाच्या मागे नऊ इंच सोडून बसवली, लाकडी चौकटीत, म्हणजे रस्त्यावरून आधी खांब दिसतो मग काच. शटर प्रत्येक खणाला वेगळं, आणि डबा तुळईच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेर गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी) आणि कोरीवकाम मोकळं. वायरी सगळ्या लोखंडी पाइपातून, कडीच्या कडेने, दिसतील अशा, उगाच लपवल्या नाहीत. कडीपाट घासून जवसाचं तेल पाजलं, बस. दोन कड्या बदलाव्या लागल्या, एका जुन्या वाड्याचं सागवान मिळालं त्याच्या केल्या. चौक उघडाच ठेवला, पावसाळ्यात दुकानाचा नोकर रोज सकाळी मोरीतली पानं काढतो. तिथे एसी नाही, पंखे आहेत, एप्रिलमध्ये मी गेले होते तेव्हा आत आल्यावर घाम सुकला. आणि तळखडे जे आहेत ना, बाहेरच्या दोन खांबांचे, ते बसायच्या उंचीचे आहेत, लोक त्याच्यावर टेकून चपला घालून बघतात. दगड गुळगुळीत झालाय. खर्च त्या मालकाला शोरूमपेक्षा जास्त आला का तर नाही, गर्डर न सीलिंग न पत्रा याचे पैसे वाचले ते लाकडात गेले.

मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ लाच आले, देशात असे नियम करणारं ते पहिलं शहर. त्यामुळे फ्लोरा फाउंटनला १९०८ सालच्या इस्माइल बिल्डिंगमध्ये २०१७ ला कपड्यांचा एवढा मोठा परदेशी ब्रँड आला तरी त्यांना दगडी दर्शनी भाग होता तसा ठेवून, स्वच्छ करून मगच दुकान उघडता आलं. ती इमारत दगडाची, त्यामुळे वाड्याशी सगळं जुळत नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे, की इमारत आधी आणि पाटी नंतर. आपल्याकडे अजून उलटं आहे. पाटी किती मोठी ते आधी ठरतं, मग तिच्यामागे सज्जा झाकला जातो.

पाटीवरून भिडे वाड्याचं आठवल्याशिवाय राहवत नाही. १८४८ साली १ जानेवारीला सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली, तात्यासाहेब भिड्यांनी आपला वाडा त्यासाठी दिला. मी कॉलेजला जाताना रोज तिथून जायचे, बुधवारात, दगडूशेठ गणपतीच्या समोर, आणि खाली दुकानं, वर पडायला आलेलं लाकूड, आणि मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं की हाच तो वाडा. ज्या शाळेमुळे माझ्यासारखी सुताराची मुलगी डिप्लोमा करू शकली त्या शाळेवरून मी छत्री घेऊन पळत होते. नंतर अनेक वर्षं कोर्टात गेली आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये तो वाडा पाडला, आता तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलंय. स्मारक व्हायलाच पाहिजे. पण ती ओसरी, ते खण, जिथे त्या पहिल्या मुली बसल्या असतील, ते वेळेत दुरुस्त झालं असतं तर आज ते दाखवता आलं असतं, ते आता कुणालाच दाखवता येणार नाही. दुकानं होती म्हणून वाडा गेला असं मी म्हणत नाही. दुकानांच्या वर काय आहे हे कुणी बघत नव्हतं म्हणून गेला.

तर माझं मागणं काय आहे. वाड्यात दुकानाची परवानगी देताना नुसता तळमजल्याचा नकाशा घेऊ नका, खांबांचा नकाशा घ्या, कुठला खांब कुठे आहे आणि त्याच्यावर वर काय येतं. खांब काढायला परवानगीच नको, फारच गरज असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून सांगावं की वजन कुठे नेलं, आणि ते जमिनीपर्यंत गेलं पाहिजे, विटेवर संपलं नाही पाहिजे. चौकावर छप्पर नको. पाटी एका खणाच्या आत बसेल एवढीच. आणि ज्या मालकाने हे सगळं पाळून दुरुस्ती केली त्याला मिळकत करात काहीतरी सूट द्या, मनापासून द्या, कारण तो आपल्या सगळ्यांच्या वतीने ते घर सांभाळतोय. हेरिटेजच्या यादीत नाव असलं की टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची मुभा, मिळू शकतो वगैरे गोष्टी आहेत पण बहुतेक छोट्या मालकांना हे माहितीच नसतं आणि त्यांचे वाडे यादीत पण नसतात, त्यांना कुणीतरी घरी जाऊन सांगायला पाहिजे, मराठीत, एका पानावर.

तुम्हालाही एक विनंती, रागावू नका. पुढच्या वेळी अशा शोरूमची बातमी छापताना फोटोग्राफरला सांगा की एक फोटो वरच्या मजल्यावरून पण काढ, आणि एक चौकाचा. वरच्या त्या आजींना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या शोरूमवाल्यांना मी जाऊन भेटले, मुलगा तरुण आहे, वाईट नाहीये, त्याला खरंच माहीत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं ते त्याने केलं. गर्डरच्या दोन्ही टोकांखाली निदान आधाराचे खांब लगेच उभे करा आणि खाली त्यांना नीट पाया द्या एवढं मी त्याला लिहून दिलंय, पावसाळ्याच्या आत करतो म्हणालाय. तळखडा फुटपाथवरून उचलून आत ठेवायला तो तयार झाला.

आणि आमच्या अकरा फळ्या माझ्याकडे आहेत, आप्पा गेल्यावर दुकान सोडलं तेव्हा मी त्या घरी आणल्या, माळ्यावर ठेवल्यात, आकडे अजून स्वच्छ वाचता येतात. नववी फळी खालून थोडी वाळवीने खाल्लीय, बाकी ठणठणीत आहेत. कुठल्या वाड्याच्या मालकाला किंवा आर्किटेक्चरच्या मुलांना खाचेचं माप घ्यायचं असेल, तसं दुकानाचं तोंड परत करून बघायचं असेल, तर तुमच्या ऑफिसमध्ये माझा नंबर देऊन ठेवतेय, रविवारी सकाळी कधीही या.

आपली नियमित वाचक,
कसबा पेठ, पुणे